लाल कोंबडीचा वर्षावास

"ताट समोर आलं का आधी पाह्य, नीले. मंग हात जोड. मंग जेव. अन् जेवतानी दुसऱ्याच्या ताटाकडं पाहू नको."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण भाताचं पातेलं उतरवताना हा आवाज अजून माझ्या कानाशी येतो. लग्न होऊन सिंदेवाहीला आले तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी मला हे सांगितलं. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्रिशरण-पंचशील तोंडपाठ. पहाटेची वंदना झाल्याशिवाय चूल पेटत नसे. मीही तेच धरलं. शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हाही, आणि आता निवृत्त झाल्यावरही. सकाळ-संध्याकाळ वंदना, रोजचं पंचशील, आणि आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने अष्टशील. अष्टशीलात एक नेम असा, की दुपारी बारानंतर अन्न घ्यायचं नाही. पाणी चालतं, लिंबाचं सरबत चालतं. माझ्या वयाला ते जड जात नाही. दिवसभर बसून वाचणारी, दोन कुंड्यांना पाणी घालणारी बाई मी, मला लागतं तरी किती?

गेल्या वर्षावासात माझ्याकडे नूतन होती. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आणि तिचे यजमान भामरागडकडे आश्रमशाळेत आहेत. तिकडे भरतीची शिकवणी नाही, आणि पावसाळ्यात नद्या फुगल्या की रस्ताच बंद. म्हणून पोलीस भरतीच्या तयारीसाठी पोरीला माझ्या घरी ठेवलं. सोडून जाताना बहीण म्हणाली, "ताई, आता पाणी उतरेपर्यंत मले येता येईल का नाई, सांगता येत नाई. पोरगी तुझ्या हवाली."

"जशी देऊन चाललीस तशी परत देईन," मी म्हटलं. "झाली तर थोडी जास्तच."

नूतन आमच्या घराण्याच्या अंगाची. रुंद खांदे, भरलेल्या मांड्या, जमिनीवर घट्ट बसणारी पावलं. माझ्या आईचं अंग असंच होतं, बहिणीचं असंच, माझंही असंच. आमच्याकडे कोणी नवीन सून आली की पहिल्या आठवड्यात तिला आमच्या पायऱ्यांवरून चालणाऱ्या पावलांचा आवाज ओळखू येतो.

आषाढ पौर्णिमेला मी विहारात अष्टशील घेतलं. शेजारी नूतन बसली होती. माझ्यामागून तीही शब्द म्हणत होती.

"तू कशाला गं?" मी हळूच विचारलं.

"मी पण करते, मावशी. तीन महिने. तुझ्यासंग."

माझे डोळे भरून आले. आजूबाजूच्या बायांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. भंतेजी तरुण आहेत, मूळचे चिमूरकडचे, चेहरा सदा हसरा. त्यांनी विचारलं, "मैदान आणि शील, दोन्ही झेपेल का?" नूतन "हो" म्हणायच्या आधी माझीच मान हलली होती.

मग रोजचा क्रम बसला. पहाटे ती ग्राउंडवर जाई, ऊन वर आलं की घामाघूम परत. अंघोळ, थोडा अभ्यास. बाराच्या पुष्कळ आधी मी तिला ताट वाढून देई आणि देवघराच्या जागी, बुद्धमूर्तीसमोर, वाचनाला बसे. ती ताट घेऊन मागच्या पडवीत जाई. "इथी वारा येते, मावशी." थोड्या वेळानं ताट घासून, पुसून पालथं घातलेलं दिसे. पोरीला शिस्त आहे, मी मनात म्हणे. बहिणीचा फोन लागे तेव्हा तिलाही सांगे, "जेवते हो, ताट चाटून-पुसून जेवते."

श्रावणात एका सकाळी शेजारच्या इंदुताईनं कुंपणावरून हाक मारली. आमच्या दोन घरांमध्ये काट्यांचं कुंपण आहे. तिच्या कोंबड्यांना ते मान्य नाही, एवढाच काय तो आमचा वाद.

"नीलाबाई, तुमच्या घरी कोणाकोणाचा वर्षावास सुरू आहे जी?"

"माझा आणि नूतनचा."

"मंग माह्या लाल कोंबडीलेई त्यात घेतलं का?"

मी हसले. "काय झालं इंदुताई?"

"काय झालं! पाहा तं, कशी फुगली ते. चालता येत नाई तिले. घरचे दाणे टाकले तं ढुंकून पाहत नाई. रोज तुमच्या जेवणाची वेळ झाली का तुमच्या पडवीखाली जाऊन बसते, जसं काई तिले आवतन आहे. काल चोचीले वरण लागलेलं घेऊन आली. वरण! आमच्या घरी मालकालेई रोज भेटत नाई."

"उरलंसुरलं टाकत असेल नूतन."

"उरलंसुरलं?" इंदुताई कुंपणावर वाकली. "बाई, तुमी डोळे मिटून बसता म्हणून सांगून राह्यली. एक दिवस उघडे ठेवून बसा."

दुसऱ्या दिवशी मी वाचनाला बसले, पण खिडकीशी. नूतननं ताट मांडीवर घेतलं. काकडीच्या चकत्या खाल्ल्या. दोन घास भात खाल्ला, तोही मोजून-मापून, जसं कोणी औषध घेतं. मग पडवीच्या कडेवरून हात खाली सोडला. लाल कोंबडी आधीच तयार होती. भात गेला, वरण गेलं, अंड्याची भुर्जी गेली. अंडं इंदुताईकडचंच होतं. आपलंच अंडं ती कोंबडी किती आवडीनं खात होती ते पाहून एरवी मला हसू आलं असतं.

मी दारात जाऊन उभी राहिले. "नूतन."

ती दचकली. "उरलं होतं, मावशी."

मी तिच्या शेजारी पडवीच्या पायरीवर बसले. मला मोठ्यानं बोलता येत नाही. शाळेतली पोरं म्हणत, नीलाबाईंचं रागावणं ऐकायला पहिल्या बाकावर बसावं लागतं. "मी रागावले नाही," मी म्हटलं. "फक्त खरं सांग. कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"का?"

तिनं रिकामं ताट उलटं केलं, सुलटं केलं. "ग्राउंडवर मी धावायला लागली का तो विक्की ओरडते, 'डंपर आला रे, बाजूले व्हा!' सगळे हासतात. सरही एकदा हासले. आमच्यात जी पोरगी पहिली येते तिचे पाय पाह्यले का तू? काडी. अन् माझे पाह्य." तिनं स्वतःच्या मांडीवर थापट मारली. "घरी खाणं सोडलं असतं तं तू मागं लागली असती. व्रत म्हटलं का कोणी मागं लागत नाई. उलटं शाबासकी देते."

ते खरंच होतं. सगळ्यात मोठी शाबासकी माझीच होती.

"पण असं बारीक होऊन..."

"मले तुझ्यासारखं नाई व्हायचं, मावशी."

कोंबडी पंख झाडून निघून गेली. मी माझ्या हातांकडे पाहिलं, मांडीवर पसरलेल्या. दंडाला झोळ आलेला, बोटं जाड. "माझ्यासारखं म्हणजे कसं?"

"तुले माहीत आहे."

"माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकते."

"जाडी," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला रडू दिलं. त्या शब्दानं मला काही झालं नाही, हे खरंच सांगते. साठी ओलांडलेल्या बाईला तिचं अंग कसं आहे हे कोणी नव्यानं सांगायचं नसतं. मला काळजी वेगळीच होती. तिच्या गळ्याची हाडं दिसत होती, ओठांच्या कडा फाटल्या होत्या, आणि ऐन श्रावणात ती स्वेटर घालून बसली होती.

"पाळी कधी आली होती शेवटची?" मी विचारलं.

"झाला दीड महिना. चांगलंच आहे ना? धावतानी कटकट नाई."

तेव्हा मात्र मला माझाच धडा आठवला. विज्ञानाच्या तासाला मी पोरींना सांगत असे, पोटात पुरेसं गेलं नाही की शरीर घरातल्या एकेका खोलीचा दिवा घालवत जातं. जी खोली आज लागत नाही ती आधी. रक्त कमी करतं, हाडांतून काढून घेतं, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं, वा, घर कसं शांत झालंय. हे मी किती वर्गांना शिकवलं असेल, आणि माझ्या घरातले दिवे विझत होते तेव्हा मी समोरच्या खोलीत वाचत बसले होते.

आरोग्य केंद्रात नेलं. नर्सबाईंनी बोटातून रक्त घेतलं आणि आकडा पाहून माझ्याकडेच रोखून पाहिलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि म्हणाल्या, गोळ्या जेवणासोबत आहेत, जेवणाऐवजी नाहीत. तिथून सरळ विहारात. भंतेजींना मी सगळं सांगितलं, कोंबडीसकट. कोंबडीपाशी त्यांना हसू आवरलं नाही, पण लगेच गंभीर झाले. "ताई, आजारी माणसानं, अंगमेहनत करणाऱ्यानं हे शील ओढून-ताणून धरावं असं कोणी सांगितलेलं नाही. ती रोज मैल-मैल धावते. तिनं इथंच घेतलं, इथंच हात जोडून सोडू द्या. पंचशील तिच्यासाठी पुष्कळ आहे."

नूतननं नकाराची मान हलवली. "एकदा घेतलं ते सोडायचं नाई. मी बाराच्या आधी खाईन, मावशीच्या समोर खाईन. बारानंतर नाई."

अंगावर पांघरलेली चादर कोणी ओढली की माणूस जसं टोक धरून ठेवतं, तसं तिनं ते व्रत धरून ठेवलं. मी ताणलं नाही. दिवाळीनंतर भरती निघेल अशी चर्चा होती. तिला उपाशी धावू देणं म्हणजे भरती तर जाईलच, पण बहिणीला मी काय परत देणार, हा प्रश्न मला रोज वंदनेत आडवा येत होता.

त्याच आठवड्यात आमच्या शेतात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आली. यंदा पाऊस लांबल्यानं उशीर झाला होता. संशोधन केंद्राकडून आणलेल्या बियाण्याची रोपं, पऱ्हे, तयार होती आणि मीराबाईची बायांची टोळी मिळाली होती. मीराबाई म्हणजे उंच, आडव्या हाडाची, आवाज पाटाच्या पलीकडून ऐकू येणारा. तिच्या टोळीचा एक रिवाज आहे. पाणी भरलेल्या बांधीत पाय घालण्याआधी सगळ्या जणी कडेच्या बांधावर, धुऱ्यावर, बसून डबे उघडतात आणि जेवतात. मीराबाई प्रत्येकीच्या डब्यात डोकावते. जिच्या डब्यात कमी दिसेल तिच्या डब्यात आपल्यातलं टाकते. न जेवता कोणी चिखलात उतरायचं नाही.

नूतन आली होती. "वाकून काम केलं का पोटाचा व्यायाम होते," असं तिचं म्हणणं. तिचा डबा उघडला तेव्हा त्यात काकडी होती आणि तळाशी मूठभर भात.

"हे काय वं?" मीराबाई म्हणाली. "शेळीचा डबा आणला का चुकून?"

सगळ्या हसल्या. नूतन म्हणाली, "डाएट आहे, मीराबाई."

"असन. पण माह्या टोळीत हे नाई चालत. ह्या चिखलात पाय रोवाले जोर लागते, तो काकडीतून नाई येत. घे, माह्यातलं घे."

"नको, खरंच नको. मी घरून खाऊन आली."

हे खोटं होतं. माझ्याकडे न पाहता ती बोलली आणि आमच्याआधी बांधीत उतरली. मीराबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार तोवर पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकल्या गेल्या होत्या आणि रांग लागली होती.

पोरगी जिद्दीची. पहिली बांधी तिनं कोणाच्या मागं न राहता संपवली. दुसऱ्या बांधीच्या मध्यावर तिचा हात थांबला. ती सरळ उभी राहायला गेली, आणि उभी न राहता तशीच पुढे चिखलात पडली. तोंडावर.

मी धुऱ्यावर होते. माझे पाय चिखलात रुतायच्या आत मीराबाई तिथं पोचली होती. तिनं नूतनला उचललं, कडेवरच्या लेकराला उचलावं तसं, आणि गुडघाभर चिखलातून चालत धुऱ्यावर आणून ठेवलं. तिला धापही लागली नव्हती.

पाणी मारलं. डोळे उघडले. कोणीतरी पेजेत मीठ टाकून दिलं. मग भात आला, तरोट्याची भाजी आली, सुकटीची चटणी आली. मीराबाई समोर बसून राहिली. "खाय. मी पाहून राह्यली."

नूतन खाता खाता रडत होती, आणि रडता रडता सगळं बोलून गेली. विक्की, डंपर, सगळं.

"कोणता विक्की?" एकीनं विचारलं. "पत्रूचा? तो तं रोवणी आली का ताप आणून झोपते, बापा!"

"तो डंपर म्हणते तुले?" मीराबाई म्हणाली. "मंग सांग त्याले, खाणीतला कोळसा डंपरच आणते, सायकल नाई आणत. अन् तूई ऐक, डंपरमंदी डिझल नाई टाकलं तं तो कुठी जाते? जाग्यावर उभा राह्यते, अन् पोट्टे त्याच्यावर चढून खेळतात."

धुरा हसून हसून वाकला. मीराबाईनं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलंच होतं. तिनं आपली पोटरी पुढे केली. "हात लावून पाह्य. लाव नं! माही सासू मले पाहाले आली तवा तिनं तोंड नाई पाह्यलं, हे पाह्यलं होतं."

नूतननं चिखलाचं बोट त्या पोटरीला लावलं. लाकडासारखी कडक. मग तीही हसली. दातांना चिखल लागला होता. एवढ्या दिवसांत ती हसलेली मी पाहिली नव्हती.

संध्याकाळी घरी मी सरबताचा पेला घेऊन बसले होते. ती समोर भिंतीला टेकून.

"बाया बोलल्या तवा बरं वाटलं, मावशी," ती म्हणाली. "पण ग्राउंडवर त्या नसतात. तिथी मी एकटीच असते, अन् सगळे पाहतात."

"मग मी येते."

"कुठी?"

"ग्राउंडवर. चक्कर मारायला. डॉक्टर तसंही दोन वर्षं चाला म्हणून मागं लागलेत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सगळ्यांसमोर? विक्कीसमोर?"

"विक्कीसमोर. मला डंपर म्हणाला तर हात दाखवून पुढे जाईन, डंपरवाले दाखवतात तसा."

"बूट घालून?"

"बूट घालून."

"नाई येणार तू."

"मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. चौथं शील आहे माझं. पण तुझ्याकडून एक पाहिजे. उद्या विहारात जाऊन ते व्रत सोड, नीट, हात जोडून. मग संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेव. आणि ज्या दिवशी कोणी न सांगता, न वाढता, तू स्वतः आणखी भात मागशील, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ग्राउंडवर असेन."

"हे काय नवीन व्रत का?"

"तसंच समज."

तिनं माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू खाणार नाई, अन् मी तुझ्यासमोर खायचं?"

तेव्हा मला सासूबाईंच्या त्या सांगण्यातलं शेवटचं वाक्य उलगडलं. दुसऱ्याच्या ताटाकडं पाहू नको. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते हावरटपणाबद्दल आहे. मी म्हटलं, "माझं ताट साठीतल्या, दिवसभर बसून असणाऱ्या बाईचं आहे. तुझं ताट धावणाऱ्या पोरीचं. दोन्ही ताटं सारखी कशी असतील? तू माझं पाहून उपाशी राहिलीस, आणि ग्राउंडवर त्या काडीच्या पायांकडे पाहतेस. तिचं अंग तिच्या आईकडून आलं असेल. तुझं आमच्याकडून आलंय. भरतीत उंची बघतात, घड्याळ बघतात. शेवटच्या वळणावर ज्याच्या अंगात शिल्लक असेल तो पुढे जातो."

दुसऱ्या दिवशी तिनं विहारात हात जोडले आणि अष्टशील सोडलं. भंतेजींनी तिला पंचशील पुन्हा दिलं, आणि बाहेर पडताना हळूच विचारलं, "कोंबडी कशी आहे?"

मग आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. माझ्या हातात सरबत, तिच्यासमोर ताट. ताट मी विचार करून वाढे. धावायला जोर भातातूनच येतो, म्हणून भात पोटभर, त्याला लाज नाही. अंग झिजतं ते भरून यायला वरण, अंडं, कधी सुकी मासोळी. वर्षावासात मी मासोळी खात नाही, पण शिजवायला मला कोणी बंदी केलेली नाही. रक्तासाठी तरोटा, अंबाडी, जे हिरवं मिळेल ते, आणि वर लिंबू पिळायचंच, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जवसाची चटणी तेल घालून. पहाटे ग्राउंडवर जाताना हातात केळं किंवा गूळ-शेंगदाणे. बस, एवढंच. यात दुकानातून आणायच्या डब्याचं काहीच नाही.

पहिले काही दिवस ती दंड भरल्यासारखी जेवली. मध्येच थांबे, पोट चाचपून बघे, आरशासमोर जाई. मी तोवर तिचं ताट झाकून ठेवी. आरसा काढून टाका, असं इंदुताईनं सुचवलं. मी म्हटलं, आरशाचा काय दोष.

इंदुताईनं स्वतः मात्र एक केलं. एक दिवस कुंपणावरून टोपली पुढे केली. आत अंडी.

"किती झाले?" मी विचारलं.

"पैशाचं नाव काढाल तं परत नेईन. तुमच्याच भाताचे आहेत, बाई. लाल कोंबडीनं खाल्ला होता तो परत करून राह्यली."

बहिणीचा फोन मध्ये कितीतरी दिवस लागला नव्हता. पर्लकोटा नदीचं पाणी उतरल्यावर लागला. पहिला प्रश्न तोच. "पोरगी जेवते ना, ताई?"

समोर नूतन बसली होती. ती डोळ्यांनी मला विनवत होती. मी म्हटलं, "आता जेवायला लागली आहे. मध्ये जेवत नव्हती, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. रक्त कमी आलं होतं. आता वाढतंय." मग बहीण म्हणाली, "तिले दे." त्या दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही, मी उठून वंदनेला गेले. परत आले तेव्हा नूतननं ताटातलं सगळं संपवलं होतं आणि डोळे पुसत होती.

भाद्रपदात एका सकाळी ती ग्राउंडवरून आली आणि दारातूनच ओरडली, "मावशी, शेवटच्या वळणावर पाय नाई थांबले! ती काडीवाली माझ्या मागं होती. थोडीशीच, पण मागं." मग बूट काढता काढता तोंड वाकडं करून म्हणाली, "अन् आली ती तुझी महिन्याची पाहुणी. आता बस कटकट." मी हसतच आत जाऊन मूर्तीसमोर हात जोडले. ती बाहेरून विचारत होती, हासते काऊन?

"आणि विक्की?"

"म्हणाला ना आजही. मी म्हटलं, कोळसा पाह्यजे का सायकल, सांग. त्याले समजलंच नाई. पण बाकीचे हासले. त्याच्यावर."

बुधवारच्या बाजारातून मी बूट आणून ठेवले होते, पांढरे, नाडीचे. दुकानदारानं विचारलं होतं, नातवासाठी का. मी म्हटलं, नाही, माझ्या मापाचे द्या. ते पलंगाखाली होते.

त्या संध्याकाळी मी वास्त्याची भाजी केली होती. बांबूचे कोवळे कोंब, जवसाचा कूट लावून. नूतन जेवता जेवता परीक्षेचं पुस्तक वाचत होती. एक हात पुस्तकावर, एक ताटात. मान वर न करता तिनं विचारलं, "मावशी, भात आहे का अजून?"

मी उठायला गेले.

"बस तू. घेते मी." ती स्वतः उठली, पातेल्यातून भात घेतला, वर भाजी घेतली, परत येऊन बसली आणि पान उलटलं. आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी सरबताचा घोट घेतला.

पहाटे ती नेहमीसारखी शेंगदाणे खिशात टाकून निघून गेली. मी वंदना केली. लुगड्याचा घोळ वर खोचला, पलंगाखालून बूट काढले, नाड्या बांधल्या. वाकताना गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं, चल रे बाबा. कुंपणापलीकडे इंदुताई झाडत होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, झाडू थांबवला, पण पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

पडवीखाली लाल कोंबडी सवयीनं येऊन बसली होती. "आज काही नाही," मी तिला हळूच म्हटलं, आणि फाटक लोटून ग्राउंडच्या रस्त्याला लागले.